मुलाची बुद्ध्यांक चाचणी : जाण्याआधीची तयारी आणि अहवालाचे वाचन

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील शाळेत चौथीत शिकणाऱ्या एका मुलाचे वडील चाचणीचा अहवाल घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा ते आनंदात होते. कागदाच्या शेवटी ७५ हा आकडा होता. "पंचाहत्तर टक्के पडले जी गुरुजी," असे म्हणत त्यांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. त्यांना खरे काय ते सांगणे मला फार जड गेले. पुढे काही दिवसांनी एक आई तसाच कागद घेऊन आली आणि "माह्या पोराले मंद लिहून देल्लं जी" म्हणून रडू लागली. दोघांनाही कागद मिळाला होता, पण तो कोणी समजावून सांगितला नव्हता. इतर पालकांवर ही वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बुद्ध्यांक म्हणजे शंभरपैकी मिळालेले गुण नव्हेत. त्याच वयाच्या मुलांमध्ये आपले मूल कुठे उभे आहे, एवढेच तो आकडा सांगतो. सरासरी १०० धरलेली असते आणि शंभरातील सुमारे ६८ मुले ८५ ते ११५ या टप्प्यात येतात. ७० च्या खाली साधारण दोन मुले असतात आणि १३० च्या वरही तितकीच. एकाच वयाची शंभर मुले बुद्ध्यांकाच्या क्रमाने ओळीत उभी केली, तर ७५ बुद्ध्यांकाचे मूल मागून पाचव्या जागेच्या आसपास येईल. ७० ते ७९ या पट्ट्याला अहवालात बहुधा 'सीमावर्ती' म्हटलेले असते, ८० ते ८९ ला सरासरीपेक्षा कमी आणि ९० ते १०९ ला सरासरी.

शिष्यवृत्ती परीक्षेतील 'बुद्धिमत्ता चाचणी' किंवा नवोदयच्या प्रवेश परीक्षेतील मानसिक क्षमतेचे प्रश्न यांच्याशी या चाचणीची गल्लत होते. त्या परीक्षांचा सराव करायचा असतो, तर बुद्ध्यांक चाचणीचा सराव करून घेतला की तिचा निकाल निरुपयोगी ठरतो. ही चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ एका वेळी एकाच मुलाला समोर बसवून घेतो आणि तिला तास-दीड तास सहज लागतो. मोबाइलवर दहा मिनिटांत मिळणाऱ्या आकड्याला काहीही अर्थ नाही.

चाचणीसाठी नाव नोंदवण्याआधी मुलाचे कान आणि डोळे तपासून घ्यावेत. माझ्या अनुभवात यापेक्षा महत्त्वाची दुसरी सूचना नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, त्या वेळी वर्गशिक्षकांनी अशा मुलाला पथकासमोर आवर्जून उभे करावे आणि जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी. रक्तातील हिमोग्लोबिन पाहावे. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच असल्याने घरात कोणाला तो असेल, तर मुलाचीही तपासणी झालेली असावी, कारण या आजारात वारंवार दुखणे व थकवा येऊन शाळा बुडते आणि काही मुलांच्या मेंदूचा रक्तपुरवठाही बाधित होतो.

दुसरी गोष्ट जन्मतारखेची. शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख अंदाजाने लावण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि वीटभट्टीवर किंवा परगावी जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत ती अजूनही आढळते. चाचणीत मात्र सारा हिशेब वयावर असतो. जुन्या सूत्रात मानसिक वयाला, म्हणजे मूल ज्या वयाच्या सरासरी मुलाइतके प्रश्न सोडवते त्या वयाला, प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणतात. आठ वर्षांचे मानसिक वय असलेले मूल कागदावर दहा वर्षांचे असेल तर ८० येतात, आणि ते प्रत्यक्षात नऊच वर्षांचे असेल तर ८९. एका चुकीच्या तारखेने नऊ अंकांचा फरक पडतो. म्हणून ग्रामपंचायतीचा जन्मदाखला सोबत न्यावा आणि तारीख अंदाजाची असल्यास तसे स्पष्ट सांगावे.

पहाटेची एसटी धरून उपाशी पोटी, दोन गाड्या बदलून जिल्ह्याच्या गावी पोहोचलेले मूल अकरा वाजता मांडीवर डोके टेकते, हे मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात अनेकदा पाहिले आहे. शक्य असेल तर आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करावा, आणि चाचणीला बसण्यापूर्वी मुलाला पोळी-भाजी खाऊ घालावी. ताप असेल तर पुढची तारीख मागावी. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडते म्हणून पालक तारीख टाळायला कचरतात, ते मला समजते. पण आजारी मुलाची चाचणी करून आणलेला कागद पुढे वर्षानुवर्षे त्याच्यामागे फिरतो.

घरी कोणती भाषा बोलतात, हे आधीच सांगावे. गोंडी, कोलामी किंवा कोरकू बोलणाऱ्या घरातील मुलाला प्रमाण मराठीतला प्रश्न कळलाच नाही, तर कमी पडलेले गुण बुद्धीचे आहेत की भाषेचे, हे ठरवता येत नाही. वऱ्हाडी बोलणारे मूलही शहरी मराठीपुढे गप्प बसते. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या दोन चाचण्यांची मुळे मात्र जवळचीच आहेत. फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ बिने यांनी १९०५ मध्ये केलेल्या चाचणीच्या परंपरेतून धारवाडच्या कामतांनी मराठी व कन्नड मुलांसाठी बिने-कामत चाचणी तयार केली, तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्स्लर यांच्या चाचणीचे भारतीय रूप मॅलिन यांनी आपल्या नागपुरातच सिद्ध केले आणि ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलाची तुलना ज्यांच्याशी होते ती मानके कित्येक दशकांपूर्वीची आहेत, याचेही भान निकाल वाचताना ठेवावे लागते.

आता पुन्हा त्या ७५ च्या अहवालाकडे येतो. मॅलिनच्या चाचणीत शाब्दिक आणि कृतीचा असे दोन बुद्ध्यांक निघतात आणि एकूण आकडा ही त्यांची सरासरी असते. या मुलाचा शाब्दिक बुद्ध्यांक ६२ होता आणि कृतीचा ८८. ठोकळे जुळवून नक्षी करणे, चित्रातील उणीव ओळखणे यांत तो वयाच्या मुलांपेक्षा फारसा मागे नव्हता. ऐकलेले अंक त्याच क्रमाने म्हणून दाखवण्यात मात्र सर्वात खाली होता. दोन बाजूंत २६ अंकांचे अंतर असताना सरासरीचा ७५ हा आकडा त्या मुलाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. म्हणून अहवालाचे शेवटचे पान आधी वाचू नये. उपचाचण्यांचा, म्हणजे चाचणीतील लहान-लहान भागांच्या गुणांचा, तक्ता पाहावा. तक्ता दिलेला नसेल तर तो मागून घ्यावा, चाचणीचे नाव विचारावे आणि मुलाची वागणूक, भाषा, तब्येत याबद्दल काय नोंद केली आहे ते पाहावे. कोणत्याही आकड्याला काही अंकांची मागे-पुढे चूक असते, त्यामुळे ७५ याचा अर्थ साधारण ७० ते ८० असा घ्यावा.

तो तक्ता पाहून मी त्याच्या आईला विचारले, तेव्हा लहानपणापासून त्याचे कान वाहतात, असे तिने सांगितले. वर्गात तो नेहमी माझ्या ओठांकडे पाहत असे, आणि मी त्याला लाजाळू समजत होतो. ही चूक माझी होती. पुढे तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याचे निघाले, उपचार झाले, एका कानाला यंत्र लागले. दोन वर्षांनी केलेल्या चाचणीत त्याचा शाब्दिक बुद्ध्यांक ७९ आला. तो वर्गात पहिला आला नाही, वाचन अजूनही संथ आहे. पण आता तो प्रश्न विचारतो.

ज्यांना दिव्यांग प्रमाणपत्रासाठी चाचणी करायची आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बौद्धिक अक्षमता केवळ बुद्ध्यांकावरून ठरत नाही. रोजच्या व्यवहारातील कुवतही पाहतात आणि त्यासाठी पालकांना प्रश्न विचारतात. येथे लाजेने वाढवून किंवा प्रमाणपत्राच्या आशेने घटवून सांगू नये. मूल स्वतः आंघोळ करते का, दुकानातून तेल आणून उरलेले पैसे बरोबर परत देते का, बकऱ्या मोजून गोठ्यात घालते का, हे जसे आहे तसे सांगावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार बहुतेक राखीव लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. ही टक्केवारी आणि बुद्ध्यांक हे वेगवेगळे आकडे आहेत. शंभरातून बुद्ध्यांक वजा करून ती निघत नाही.

प्रमाणपत्र मिळो वा न मिळो, अहवालाची एक प्रत शिक्षण विभागाच्या तालुक्यातील गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना द्यावी आणि शाळेत नेमके काय बदलायचे ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे: पहिल्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, तोंडी उत्तराची सवलत, असे जे लागू असेल ते. आकडा मुलाला, भावंडांना किंवा शेजाऱ्यांना सांगण्याचे कारण नाही. मूळ अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवावा. पुन्हा चाचणी करायची झाल्यास किमान वर्षभराचे अंतर असावे, कारण लवकर केलेल्या चाचणीत आठवणीने गुण वाढतात. आणि त्या वेळी जुना अहवाल, कानांचे व डोळ्यांचे कागद घेऊनच जावे.