अझूरवर काम करताय ना, मग पार्टनर आयडी लिंक केला का?

जळगावात एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचा सर्व्हर आम्ही वर्षभर अझूरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, सांभाळला, बॅकअप, बिल, रात्री अकराचे फोन सगळं आमचंच, पण पार्टनर सेंटरला (मायक्रोसॉफ्टचं पार्टनर कंपन्यांसाठीचं पोर्टल) पाहिलं तर आमच्या नावावर भोपळा! कारण मायक्रोसॉफ्टला हे काम कोण करतंय ते आपोआप कळत नाही भाऊ, आपला पार्टनर आयडी (मायक्रोसॉफ्टने पार्टनर कंपनीला दिलेला नंबर) जोडून सांगावं लागतं. त्यालाच पार्टनर अ‍ॅडमिन लिंक म्हणतात.

कस्टमरने ज्या लॉगिनला अ‍ॅक्सेस दिलाय त्यानेच अझूर पोर्टल उघडा, वर उजवीकडे डिरेक्टरी (कुठल्या कंपनीचं अझूर खातं उघडलंय ते) कस्टमरचीच आहे ना ते बघा (इथेच घोळ होतो, आपल्याच डिरेक्टरीत लिंक करून मोकळे होतात लोकं), मग सर्चमध्ये 'लिंक टू अ पार्टनर आयडी' टाका आणि नंबर सेव्ह करा. नंबर मात्र लोकेशनवाला (त्या ठिकाणच्या ऑफिसचा) पार्टनर आयडी पाहिजे, ग्लोबलवाला (अख्ख्या कंपनीचा) नाही.

कस्टमर वेगळा की लिंक परत करायची. भुसावळचा केळीवाला व्यापारी वेगळा, धुळ्याचा वेगळा. आणि लिंक कंपनीला नाही, त्या लॉगिनला असते, आमचा पोरगा पुण्याला नोकरीला गेला, त्याचं लॉगिन बंद केलं, झालं, लिंकही गेली. म्हणून दोघातिघांच्या लॉगिनने करून ठेवा, सर्व्हिस प्रिन्सिपल (माणसाचं नाही, प्रोग्रामचं लॉगिन) वापरत असाल तर त्यालाही.

कस्टमर घाबरला तर सांगा, शेठ, याने आम्हाला जास्तीचा अ‍ॅक्सेस मिळत नाही, जेवढा दिलाय तेवढाच राहतो.