एल घालून केलेला बीफ स्ट्यू स्लो कुकरमध्ये का बिघडतो? या चुका टाळा

स्लो कुकरला (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याला) दोन कामं जमत नाहीत: मांस खरपूस भाजणं आणि रस्सा आटवणं. आतलं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही, आणि घट्ट झाकणामुळे वाफ पुन्हा भांड्यातच पडते. एल (एक प्रकारची बिअर) घातलेला स्ट्यू पाणचट किंवा कडवट झाला, तर बहुतेक वेळा गॅसवर करायचं काम कुकरवर सोडलेलं असतं.

साडेचार-पाच लिटरच्या कुकरसाठी प्रमाण असं धरा: बीफ 1 किलो, मोठे कांदे 2, गाजरं 3, बटाटे 400 ग्रॅम, सेलरीचे दांडे 2, मैदा 3 मोठे चमचे, टोमॅटो प्युरी 1 मोठा चमचा, एल 330 मिली, बिनमिठाचा बीफ स्टॉक 250 मिली, थाइमच्या दोन-तीन काड्या आणि एक तमालपत्र. भांडं अर्ध्याहून जास्त, पण दोन तृतीयांशाच्या आत भरलेलं हवं.

महाग मांस घेणं

फिले किंवा सर्लोइन इथे वाया जातं. त्यात चरबी आणि संयोजी ऊती कमी, त्यामुळे आठ तासांनी ते कोरडं, भुसभुशीत होतं. खांद्याचं (चक), नळीचं (शिन) किंवा गालाचं मांस घ्या. त्यातल्या कोलॅजनचं (चिवट प्रथिनाचं) हळूहळू जिलेटिन होतं आणि रश्शाला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. पांढऱ्या शिरा दिसल्या म्हणून सगळ्या कापून टाकू नका. फक्त बाहेरची जाड चरबी काढा. तुकडे 4 ते 5 सेंमीचे ठेवा. छोट्या तुकड्यांचा शेवटी चुरा होतो.

भाजण्यात घाई

मांस कागदी टॉवेलने नीट टिपून घ्या. पृष्ठभाग ओला असेल तर आच पाणी उडवण्यातच जाते आणि तुकडे तांबूस होण्याऐवजी राखाडी पडतात. एक किलो मांस मोठ्या कढईतही तीन हप्त्यांत भाजावं लागतं. सगळं एकदम टाकलं की पाणी सुटतं आणि मांस त्या पाण्यात शिजू लागतं. तुकडा तळाला चिकटलेला असेल तर ओढू नका. खालची बाजू भाजली की तो बहुधा आपणहून सुटतो.

बऱ्याच कृतींत मांस आधी मैद्यात घोळवायला सांगतात. आम्ही तसं करत नाही. पहिल्या हप्त्यात गळलेला मैदा तिसऱ्या हप्त्यापर्यंत काळा पडतो आणि तो जळकेपणा अख्ख्या भांड्यात उतरतो. मांस नुसतंच भाजून काढा. त्याच तेलात कांदा 8-10 मिनिटं परता, टोमॅटो प्युरी घालून मिनिटभर, मग मैदा घालून आणखी दोन मिनिटं परता. आता एल थोडीथोडी ओतत लाकडी उलथन्याने तळ खरवडा. तळाला धरलेला तो तपकिरी थर म्हणजे स्ट्यूची अर्धी चव, तो कढईत राहू देऊ नका.

चुकीची एल

सगळ्यात जास्त स्ट्यू इथे फसतात. बिअरचा कडवटपणा हॉप्समधून (एका वेलीच्या फुलांमधून) येतो आणि तो शिजवून उडत नाही. आयपीए (भरपूर हॉप्स घातलेली एल) प्यायला छान लागते, पण स्ट्यूत औषधासारखी कडू होते. ब्राउन एल, माइल्ड किंवा बेल्जियन डबेल अशी कमी कडू एल घ्या. बाटलीवर आयबीयूचा (बिअरच्या कडवटपणाच्या एककाचा) आकडा असेल तर 30 च्या आतला बघा. स्टाउट (काळी, दाट बिअर) चालते, पण तिच्यात भाजलेल्या धान्याचाही कडवटपणा असतो, म्हणून 200 मिली पुरे. उरलेलं स्टॉकने भरून काढा.

एल बाटलीतून थेट कुकरमध्ये ओतली की कच्चट, दारूसारखा वास राहतो, कारण झाकणाखालून अल्कोहोल फारसं बाहेर जात नाही. कढईतच तीन-चार मिनिटं उकळी येऊ द्या. निम्मी होईपर्यंत मात्र आटवू नका, कडूपणा एकवटतो. उकळल्यावरही थोडं अल्कोहोल उरतंच. जेवणारं कोणी ते टाळत असेल तर एलऐवजी सगळा स्टॉकच वापरा.

तरीही कडू झाला? आधी मीठ बघा. मीठ कमी असेल तर कडवटपणा जास्त जाणवतो. मग ब्राउन शुगर अर्धा-अर्धा चमचा घालत चाखा. जिभेच्या मागे रेंगाळणारा कडूपणा एलचा. त्यावर साखर किंवा गोडसर परतलेला कांदा चालतो. राखेसारखी चव असेल तर मैदा किंवा तळ जळला आहे, आणि त्यावर इलाज नाही.

द्रव जास्त, भाज्या वर

ओव्हनच्या कृतीतलं द्रवाचं माप इथे एक तृतीयांशाने कमी करा. मांस आणि भाज्यांनाही पाणी सुटतं. सुरुवातीला वरचे तुकडे थोडे उघडे दिसले तर घाबरू नका.

मांस मऊ आणि गाजर कडक, ही नेहमीची तक्रार. मंद आचेवर, त्यातही आंबट रश्शात, कंद सावकाश शिजतात. म्हणून गाजर-बटाटे 2-3 सेंमीचे कापून तळाला आणि कडेला लावा, वर मांस. बटाटा न फुटणारा, चिकट जातीचा घ्या. मटार शेवटच्या 15 मिनिटांत.

वेळेचा गोंधळ

कुकरच्या ‘लो’ सेटिंगवर 8 ते 9 तास, ‘हाय’वर साडेचार ते पाच. सहा तासांनी मांस वातड लागलं की लोक समजतात जास्त शिजलं. असल्या मांसाच्या बाबतीत बहुधा उलटंच असतं. काटा घालून फिरवल्यावर तुकडा सहज सुटला नाही, तर अजून तासभर द्या. मध्येमध्ये झाकण उघडू नका. दरवेळी शिजण्याचा वेळ 20-30 मिनिटांनी वाढतो.

गोठलेलं मांस थेट कुकरमध्ये टाकू नका. ते जंतू वाढणाऱ्या तापमानात, म्हणजे 5 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये, फार वेळ राहतं. आदल्या रात्री फ्रीजमध्ये वितळायला ठेवा. ‘वॉर्म’ सेटिंगही शिजवण्यासाठी नाही.

शेवटची दुरुस्ती

रस्सा पातळ असेल तर 2 मोठे चमचे कॉर्नफ्लोर 3 चमचे थंड पाण्यात कालवून घाला आणि हायवर 20-30 मिनिटं ठेवा. कोरडं टाकलंत तर गुठळ्या होणारच. चव अजून सपक असेल तर रस्सा गाळून गॅसवर आटवा. कॉर्नफ्लोरने दाटपणा येतो, चव वाढत नाही. वरचा तेलाचा तवंग पळीने काढा. मीठ शेवटी चाखूनच घाला, विशेषतः स्टॉक क्यूब वापरले असतील तर. एवढं करूनही काहीतरी कमी वाटतं, ते बहुधा आंबट असतं: एक चमचा व्हिनेगर किंवा वुस्टरशायर सॉस, नाहीतर थोडी मोहरी पेस्ट.

उरलेला स्ट्यू उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी चव चांगलीच मुरते. गरम मात्र गॅसवर वाफाळेपर्यंत करा, स्लो कुकरमध्ये नाही. तो फार सावकाश तापतो, आणि फ्रीजमधलं गार सिरॅमिक भांडं तापत्या कुकरवर ठेवलं तर तडा जाऊ शकतो.