बेळगावहून थिबा राजवाडा बघायला जाताना

आमच्या शहापुरात रत्नागिरी म्हटलं की लोक आधी आंब्याची पेटी सांगतात. पेटी नंतर घ्या, पहिला राजवाडा गाठा. पहाटे निघून कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, हातखंबा. सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं.

आत शिरण्याआधी पोरांना एवढं सांगाच: १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला गादीवरून काढलं, १८८६ त कुटुंबासकट रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा तयार झाला १९१० ला. तोवर बंगल्यात दिवस काढले, आणि वाड्याचं सुख जेमतेम सहा वर्षं. १९१६ त तो इथंच वारला. राणी सुपायलात मात्र १९१९ ला मायदेशी परतली.

खिडक्यांपाशी घाई करू नका. अर्धगोल लाकडी कमानी, नक्षी, त्यात रंगीत इटालियन काचा. सेल्फी काढणारे नेमके तिथंच अडवून उभे असतात. त्यांना खुशाल बाजूला व्हा म्हणायचं! वर संगमरवरी फरशीचा दिवाणखाना आहे.

तिथून थिबा पॉइंट, खाली भाट्याची खाडी. राजाची समाधी शहरातच, शिवाजीनगरात, रिक्षावाल्याला विचारा. आंबा घाट मात्र उजेडीच चढा, धुकं पडलं की पुढचं काही दिसत नाही.