ओलं प्लास्टर, लटपटतं पेडस्टल: शिल्पप्रदर्शनातल्या या चुका टाळा

प्रदर्शन तीन दिवसांचं, मग तयारीही तीन दिवसांत उरकू, असा हिशेब बेळगावात दरवर्षी कुणीतरी मांडतंच. पाच-सहा जणांनी मिळून भाड्याने घेतलेली वडगाव-शहापूरकडची जुनी मागाची शेड, वर लाकडी माडी, ज्याचा त्याचा एक कोपरा. चित्रं असती तर खिळे ठोकून भागलं असतं.

सगळ्यात जास्त घोळ प्लास्टरचा. एक किलो प्लास्टरमध्ये साधारण 700 मिली पाणी घालतात. जमताना त्यातलं जेमतेम 190 मिली प्लास्टर स्वतःत धरून ठेवतं. उरलेलं अर्धा लिटर हवेत उडून जावं लागतं. म्हणजे वीस किलो प्लास्टरचं धडाचं शिल्प ओतलं की आत दहा लिटर, म्हणजे घागरभर, पाणी बसलेलं असतं. पण अर्ध्या तासात प्लास्टर नखाला कठीण लागतं आणि नवख्याला वाटतं, झालं!

मग काय होतं ते बघा. उद्घाटन शनिवारी, एका मुलाने धड ओतलं बुधवारी, तेही श्रावणात. आतला सांगाडा साध्या लोखंडी सळीचा. गुरुवारी रात्रभर समोर हॅलोजन लावला, शुक्रवारी ऑइल पेंट मारून वर ब्राँझची पावडर. शनिवारी संध्याकाळी काम झकास दिसत होतं. रविवारी दुपारी खांद्यावर फोड आले, बोट लावताच रंगाचा पापुद्रा सुटला आणि आतून ओलं पांढरं प्लास्टर दिसलं. मानेवर गंजाचा तपकिरी ओघळ उतरला. हॅलोजनकडची बाजू तर पिठासारखी झडत होती, कारण पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर तापलं की प्लास्टर धरलेलं पाणीही सोडायला लागतं आणि भुसभुशीत होतं. लोकांनी दोष रंगाच्या डब्याला दिला. डब्याचा काय संबंध?

वाळलं की नाही हे गालाला लावून कळतं. गार लागलं तर ओलं. त्याहून खात्रीचं म्हणजे वजनकाटा: दोन दिवस लागोपाठ वजन तेवढंच भरलं तरच रंगाला हात लावायचा. दोन इंच जाडीला थंडीतल्या कोरड्या हवेत दोनेक आठवडे धरा. पावसाळ्यात महिना गेला तरी भरवसा नाही. पंखा चालेल, हॅलोजन आणि हेअर ड्रायर नकोत. सळीला आधी लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या, नाहीतर जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेली, तार वापरा. आणि वेळ नसेलच तर रंगवू नका. पांढरं प्लास्टर मांडण्यात काही कमीपणा नाही, खोटं ब्राँझ मात्र दहा फुटांवरून ओळखू येतं.

दुसरा घोळ वजनाचा. घनफुटाला सुकं प्लास्टर तीसेक किलो, काँक्रीट 68, ग्रॅनाइट 75 किलोच्या आसपास. आजच्या घराची स्लॅबसुद्धा चौरस मीटरला 200 किलो धरून बांधतात. जुन्या लाकडी माडीचा असला हिशेब कुणी केलेलाच नसतो. तरी हौशी मंडळी दगडाचं काम वर नेऊन बरोबर मधोमध ठेवतात आणि उद्घाटनाला त्याच्याभोवती चाळीस माणसं उभी करतात. जड ते खाली, फरशीवर. वर न्यायचंच असेल तर हलकं काम, तेही भिंतीलगत, खाली दोन-तीन तुळयांवर आडवी फळी टाकून. उद्यमबागेतल्या फौंड्रीत ओळख असेल तर वजन उचलायची चेनपुली मिळते, पण ती छपराच्या वाशाला अडकवू नका. वासा कौलांसाठी आहे, तुमच्या दगडासाठी नाही. लोखंडी तिपाई आणा. उचलण्याआधी दाराची रुंदी आणि जिन्याचं वळण टेपने मोजा, "बसेल की" म्हणून सोडू नका.

पेडस्टल, म्हणजे शिल्पाखालची उंच बैठक, 12 मिमी प्लायचं पोकळ करतात, ते ठीक. पण साडेतीन फूट उंचीला पाया पंधरा इंचांहून कमी नको, आणि तळात वीस-पंचवीस किलो वाळूची पोती हवीच. मागाच्या शेडची फरशी सपाट नसते, पाणसळ लावून पाचर मारा. कागदाच्या घड्या पाचर म्हणून घालणाऱ्यांनी शिल्पकला सोडून दुसरं काहीतरी बघावं.

भट्टीत घालायचं मातीचं काम पोकळ करा, जाडी इंचाच्या आत, आणि पूर्ण वाळू द्या. आत राहिलेल्या पाण्याची वाफ झाली की तुकडा भट्टीतच फुटतो. घाई कशी नडते ते खानापूरच्या कुंभारांना विचारा.

ट्यूबलाइटखाली शिल्प सपाट दिसतं. वरून तिरका एक दिवा, दुसऱ्या बाजूने मंद एक, बास.

नावाच्या पट्ट्या मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत. कन्नड मजकूर कन्नड वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्या, फोनवरच्या भाषांतरावर जाऊ नका.

कौलं गळतात का ते आदल्या दिवशी बघा, उद्घाटनाच्या सकाळी नव्हे.

आणि उतरवणं. मांडायला दहा हात असतात, शेवटच्या रात्री दोनच उरतात. छोटा हत्ती आधी सांगून ठेवा, तळाला भाताचा पेंढा अंथरा, प्लास्टर आडवं न ठेवता उभंच बांधा. दोरीखाली गोणपाटाची घडी घालायला विसरू नका, नाहीतर दोरी काचते आणि कडा तुटते.