जुलाब: घरी सांभाळावे की दवाखाना गाठावा?

लहान मुलाला जुलाब सुरू झाले, की घरीच सांभाळावे की तातडीने दवाखाना गाठावा, हे विशेषतः रात्री ठरवणे कठीण जाते. 24 तासांत 3 किंवा अधिक वेळा पातळ शौचास झाली, तर जुलाब समजावेत. मात्र केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाची शी एरवीही पातळसर असते, तो आजार नव्हे.

1. पहिल्या जुलाबापासून कागदावर वेळ लिहीत जावे आणि शेजारी लघवीचीही वेळ नोंदवावी. खरे लक्ष लघवीच्या रकान्याकडे असावे, कारण 6 तासांहून अधिक काळ तो कोराच राहिला, तर शरीरातले पाणी बरेच घटलेले असू शकते.

2. बेंबी आणि कुशी यांच्या मधोमध पोटाची त्वचा चिमटीत हलकेच उचलून सोडावी. घडी 2 सेकंदांहून अधिक टिकली, तर स्थिती गंभीर समजावी. फार कृश किंवा गुटगुटीत मुलांत ही खूण फसवी ठरते, म्हणून डोळे खोल गेले आहेत का, रडताना अश्रू येतात का, हेही पाहावे.

3. ओआरएस, म्हणजे क्षार-साखरेची पुडी पाण्यात विरघळवून केलेले द्रावण, चमच्याचमच्याने पाजावे.

शौचात रक्त, सतत उलट्या, जोराचा ताप, ग्लानी किंवा काहीच पिता न येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले, तर सकाळची वाट न पाहता निघावे आणि तो कागद सोबत घ्यावा.

जुलाब थांबवणारी गोळी मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही देऊ नये.