आपली बसचे निर्णय कुठं होतात आणि तिथपर्यंत आपलं म्हणणं कसं पोचवायचं

नागपुरात आपली बस, म्हणजे आपल्या शहराची सिटी बस, आली नाही की आपण कंडक्टरवर चिडतो, पण त्याच्या हातात काहीच नसते भाऊ. कोणत्या रूटवर किती गाड्या सोडायच्या, ठेकेदाराला किलोमीटरमागे काय द्यायचं, नवीन गाड्या घ्यायच्या का, हे सगळं वर ठरते, आणि कुठं ठरते तेच माहीत नसल्यामुळं बर्डीच्या स्टॉपवरची आपली सगळी ओरड तिथंच राहून जाते.

आधी मालक ओळखा. आपली बस महापालिकेची, मेट्रो महामेट्रोची आणि काटोल-उमरेडची लालपरी एसटी महामंडळाची. एकाची तक्रार दुसऱ्याकडं टाकली की महिना गेलाच समजा.

आपली बससाठी कायद्यात परिवहन समिती आहे, तिचे सदस्य महापालिकेचं सभागृह नेमते. आता यात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नाही, सदस्य नगरसेवकच पाहिजे असं कायदा म्हणत नाही! वाहतूक, इंजिनिअरिंग, पैशाचा व्यवहार, कामगार प्रश्न अशातला अनुभव असलेला बाहेरचा माणूसही घेता येते. मला हे फार महत्त्वाचं वाटते, कारण ज्यांना बसचं खरंच कळते अशी माणसं आपल्या शहरात आहेत, त्यांची नावं समिती बनायच्या आधी पक्षांच्या गटनेत्यांकडं लेखी द्यायला काय हरकत आहे, समिती बनल्यावर बोलून उपयोग नाही.

रोजचा कारभार परिवहन व्यवस्थापक पाहतात, समिती त्यांच्यावर देखरेख ठेवते. बजेट व्यवस्थापक तयार करतात, ते आधी समितीपुढं येते आणि शेवटी सभागृहात जाते, म्हणजे नवीन रूट, जास्त गाड्या असं काही मागायचं असेल तर बजेटच्या आधी मागा. भाडेवाढ मात्र समितीच्या एकटीच्या हातात नाही, त्याला प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते.

आता प्रत्यक्ष काय करायचं? पहिले समितीच्या जुन्या सभांची विषयपत्रिका (सभेपुढच्या विषयांची यादी) आणि इतिवृत्त (सभेत काय ठरलं त्याची नोंद) मिळवा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणं आपल्या समित्या कोणत्या, त्यांच्या सभा लोकांसाठी खुल्या आहेत का, इतिवृत्त पाहायला मिळते का, हे कार्यालयानं स्वतःहूनच जाहीर करायचं असते. नाही सापडलं तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून परिवहन विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडं अर्ज टाका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे म्हणून कहाणी सांगत बसू नका, सरळ लिहा, "परिवहन समितीच्या मागील एक वर्षातील सभांच्या विषयपत्रिका व मंजूर इतिवृत्तांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात." ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील करा, त्याला वेगळं कारण लागत नाही.

मग मागणीचं पत्र. "बस वेळेवर येत नाही" असं लिहिलं की ते फाईलला लागते आणि संपते. त्यापेक्षा आठवडाभर स्टॉपवर उभे राहून कागदावर मांडा, रूट कोणता, स्टॉप कोणता, गाडी कधी यायला पाहिजे होती, कधी आली, किती जण चढूच शकले नाहीत. असा तक्ता जोडून, खाली रोजच्या प्रवाशांच्या सह्या घेऊन पत्र परिवहन समितीच्या सभापतींच्या नावानं द्या, प्रत व्यवस्थापकांना आणि तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला, आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. नगरसेवकाला नुसतं "लक्ष घाला" म्हणू नका, विषय समितीच्या पटलावर आणा असं म्हणा.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले तेव्हा नगरसेवकही नव्हते आणि समितीही नव्हती. असा काळ असला तर तेच पत्र आयुक्तांच्या नावानं द्यायचं.

मेट्रोचं वेगळं आहे, ती केंद्र आणि राज्य यांची निम्मी-निम्मी कंपनी, तिच्या संचालक मंडळावर दोन्ही सरकारांचे अधिकारी असतात, तिथं नगरसेवकाचं चालत नाही, खासदार-आमदारांना धरा. माहिती अधिकार मात्र तिथंही लागू आहे.

सभा झाली की पुढचं इतिवृत्त परत मागवा आणि तुमच्या विषयापुढं मंजूर लिहिलं की स्थगित ते पाहा. स्थगित असेल तर कारण विचारणारं पत्र लगेच, पुढच्या सभेची विषयपत्रिका निघायच्या आत गेलं पाहिजे.