सेटलमेंटच्या कागदावर सही करण्याआधी

बेळगावात कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं आणि अर्ज लिहून द्यायचं दुकान आहे. थकीत कर्जाची नोटीस घेऊन आलेला माणूस आधी विचारतो, "ओ, किती कमी करतील?" मी विचारतो, कर्ज कुणाचं? बँक किंवा फायनान्स कंपनी असेल, तर लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात जाता येतं. सौहार्द सोसायटीला, म्हणजे सहकारी पतसंस्थेला, तो रस्ता लागू नाही, तिथं सहकार खातं. आपल्याकडं गल्लोगल्ली सौहार्द, म्हणून हे आधी.

नोटीस कन्नडात, करार इंग्रजीत, आणि सही करणारा मराठी. शेजारच्या कॉलेजच्या पोराकडून वाचून घेऊ नका. कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, खानापूर-चिक्कोडीकडच्यांना तालुका समिती. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. जाताना करार, हप्त्यांच्या पावत्या, पासबुक आणि नोटिशीचं पाकीटसुद्धा न्या. पाकिटावरची तारीख कामाला येते, कारण घर तारण असलं आणि बँकेनं सरफेसी कायद्याची (तारण ताब्यात घेऊन वसुली करायच्या कायद्याची) नोटीस काढली, तर पैसे भरायला ६० दिवसांची मुदत असते. शेतजमिनीला तो कायदा लागत नाही, हे वसुलीवाला सांगणार नाही.

लोकअदालतीत कर्ज मिटवणं स्वस्त पडतं, पण तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. न झेपणारा हप्ता कबूल करून आलात आणि तो चुकला, तर थेट अंमलबजावणीच मागं लागते. म्हणून आत जाण्याआधी घरी हिशोब मांडा. ऊसबिल कधी येतं, दुधाचा पगार किती, त्यातून किती निघेल. साहेबासमोर भिडेखातर 'हो' म्हणू नका.

बँकेशी परस्पर तडजोड करत असाल तर आधी पत्र, मग पैसे. पत्रात रक्कम, तारखा, हप्ता चुकला तर काय, आणि जामीनदार सुटला की नाही हे लिहिलेलं हवं. बहुतेक पत्रांत एक ओळ असतेच: हप्ता चुकला की सवलत रद्द, मूळ रक्कम व्याजासकट पुन्हा उभी. माझ्या टेबलावर मी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारूनच देतो. शिवाय सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' (कमी पैशांत मिटवलं) असा शेरा पडतो, 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलं) नाही. पुढं पोराच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं असेल तर तो शेरा आडवा येतो. थोडे जास्त पैसे जमवून पूर्ण फेड होत असेल तर मी तेच सुचवतो.

"हप्ते थांबवा, आम्ही निम्म्यात मिटवतो" म्हणत आगाऊ फी मागणारा एजंट दिसला की सरळ उठून या. हप्ते थांबले की दंड-व्याज तुमचं वाढतं, त्याचं नाही. मायक्रोफायनान्सचा माणूस दारात बसून धमकावत असेल, तर कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्यानं पोलिसांत जाता येतं. मात्र रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेल्या संस्थेचं कर्ज त्यानं माफ झालेलं नाही. बाजारात उलटच बोलतात.

फेड झाली की नो-ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला, घ्या. घराची मूळ कागदपत्रं बँकेनं ३० दिवसांत द्यायची असतात. तिच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते. आणि पहाणीवरचा (जमिनीच्या उताऱ्यावरचा) बोजा उतरला का, ते नवा उतारा काढून बघा.